टोकाची टोपी

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुझ्या हातात कुणी दिलं ते तू पाहिलंसच, आणि अक्षरही ओळखलं असशील. तरी मान वर करू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय डोळे वटारायचे ते वटार. मला लिहिता येत नाही हे तुला नवीन नाही. मी बोलते आहे आणि समोर बसून एक बाई लिहून घेते आहे. तुझ्या बापाला बसवलं असतं तर त्याने माझी निम्मी वाक्यं गाळली असती आणि उरलेल्यांना इस्त्री केली असती. हिला मी अट घातली आहे, तोंडातून पडेल ते कागदावर पडलं पाहिजे, शिवी असली तरी. हो म्हणाली आहे. बघू किती वेळ टिकते.

आधी घरचं सांगते. गिरणी बरी चालली आहे. गेल्या आठवड्यात दगडाला टाकी लावून घेतली, आता पीठ पुन्हा गार पडतं. पट्टा मात्र अजून कुरकुरतो, आणि ती कुरकुर ऐकू येणारी या घरात मी एकटीच उरले आहे. तुझा बाप म्हणतो, आई, मला तर काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, तुला लग्नाआधीही काही ऐकू येत नव्हतं. माझा उजवा गुडघा सुजला आहे. कशाने, ते पुढे येईलच. त्या गुडघ्याचा या पत्राशी फार जवळचा संबंध आहे.

तुला आठवतं का ग, तू एवढीशी असताना तुझी आई सकाळी कामावर जायची आणि तुला माझ्याकडे सोडायची? मी तुला धान्याच्या पोत्यावर बसवायची. तू रडायला लागलीस की आपला खेळ सुरू. डोळे मिट आणि सांग, गिरणीत काय पडलंय, गहू की मका की तांदूळ? आधी कानाने सांगायचं. मग मी बोटाला पीठ लावून तुझ्या जिभेवर ठेवायची, खरं-खोटं करायला. पाच वर्षांची होईपर्यंत तू कधी चुकेनाशी झालीस. सात वर्षांची असताना तू म्हणालीस, आजी, आज मोटार पाय ओढत चालतीये. मी हसले, आणि दुपारी मोटारीचं बेअरिंग गेलं. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांना मुद्दाम थांबवून सांगत होते, आमच्या पोरीने सकाळीच सांगितलं होतं म्हणून. हे सगळं तू विसरलीस असं मी म्हणत नाही. पण तुला आठवतं असंही तू कधी म्हणाली नाहीस.

आता तुझ्या मॅडमकडे वळू. (लिहिणारीने इथे पेन थांबवलं. मी म्हटलं, चालव.) तुला त्या मोठ्या मशिनींच्या कंपनीत काम लागलं तेव्हा मला आनंद झाला, खोटं का बोलू. डोंगर पोखरणारी मशिनं मुकी झाली की माझ्या नातीला बोलावतात, ती जाऊन वायरींची तपासणी करते आणि त्यांना बोलतं करते. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे ऐकवलं, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांना दोनदा. पण तुझे फोन यायला लागले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मॅडम म्हणतात आधी मीटर लाव. मॅडम म्हणतात घाई करू नकोस. मॅडम म्हणतात जेवण वेळेवर कर. अग, जेवण वेळेवर कर हे मी वीस वर्षं सांगतेय, तेव्हा तू ताट ढकलून पळायचीस! एका फोनमध्ये मी बोटांवर मोजलं, अकरा वेळा मॅडम. आणि आजी एकदा, तेही शेवटी, ठेवते आजी.

त्यावर कळस म्हणजे तुमच्या कंपनीचं ते चकचकीत मासिक. तू हौसेने पाठवलंस. मधल्या पानावर तुमच्या दोघींचा फोटो, मशीनसमोर, तिचा हात तुझ्या खांद्यावर. तुझ्या बापाने खालचं वाचून दाखवलं. त्यात तुझ्या तोंडचं वाक्य होतं, मशीनचं ऐकायचं कसं ते मला मॅडमनी शिकवलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. मग मी उठले आणि मका दळायला घेतला, म्हणजे पिठाच्या धुरळ्यात माझं तोंड कुणाला दिसायला नको. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बीळ आम्ही खणलं, पोत्यावर बसवून, जिभेवर पीठ ठेवून, आणि फोटोत हात कुणाचा? ते पान मी फाडलं नाही. घडी घालून दगडाच्या चौकटीखाली सारलं. तिथे ते रोज थरथरतं.

मग आपल्या गिरणीमागे सांडपाण्याच्या पाइपांचं काम निघालं. ठेकेदाराने ते मोठं पिवळं मशीन आणलं आणि पैलवान ते चालवायला आला. पैलवान तू पाहिलास, दाराच्या चौकटीत मावत नाही, पण मशीनच्या बादलीने माती अशी उचलतो की कडेचं गवतही हलत नाही. दुपारी गिरणीच्या सावलीत डबा खायचा आणि मग अर्धा तास तिथेच आडवा व्हायचा. बोलायचा कमी. माझं पीठ चाळून द्यायचा, न सांगता. महिन्याभरात मशीन खरोखरच आजारी पडलं. पडद्यावर लाल खुणा, इंजीन मध्येच मलूल. आणि कंपनीने कुणाला पाठवावं? तुला! ते दोन दिवस माझ्यासाठी काय होते ते तुला सांगून कळायचं नाही. तू मातीत उताणी पडून वायर तपासत होतीस आणि मी खुर्ची टाकून राखण करत होते.

तूच मला सगळं समजावलंस, जसं मी तुला समजवायची. या मशीनला तीन डोकी आहेत, म्हणालीस. एक इंजिनाचं, एक तेलाच्या पंपाचं, एक ड्रायव्हरसमोरच्या पडद्याचं. ती एकमेकांशी बोलतात ती वेणीसारख्या पिळलेल्या दोन वायरींवरून. मी म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही असं बघ. तू म्हणालीस, आजी, तसंच, पीळ गेला की बोलणं बिघडतं. मशीन जिथे कमरेत वळतं तिथे ती वेणी घासली होती, ती तू सांधलीस. मग सीटच्या मागचं झाकण उघडून मला वर चढवलंस आणि ती टोपी दाखवलीस. अंगठ्याएवढी, काळी. वेणीच्या दोन्ही टोकांना अशी एकेक. तिच्यातून एकही वायर पुढे जात नाही. तू म्हणालीस, लोकांना वाटतं ही बिनकामाची आहे, पण बोललेला शब्द टोकाला आदळून माघारी येऊ नये म्हणून ती असते. ती नसली की सगळे आपल्याच आवाजाने गोंधळतात, मशीन कधी चालतं, कधी रुसतं. मीटर लावून आकडा दाखवलास, साठ. एक टोपी गेली की तो एकशे वीस होतो. मी विचारलं, गेली एक आणि आकडा दुप्पट, हा कुठला हिशोब? मग माझं मलाच पटलं, घरातलं एक माणूस गेलं की कामं दुप्पट होतातच की. तू हसलीस. आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला, आणि तू हसत हसतच म्हणालीस, हो मॅडम, साठ आला मॅडम.

तू गेल्यावर तीन आठवडे फोन नाही. केलास तेव्हा मॅडमच्या घरी जेवायला गेले होते म्हणून सांगायला. मॅडमच्या हातची भाजी कशी मऊ होते! माझा नुसता तिळपापड झाला. ग भिंगरे, म्हातारीच्या डोक्यात एकदा भुंगा शिरला की त्याला बाहेरची वाट सापडत नाही. मला एवढंच दिसत होतं, मशीन आजारी पडलं की तू येतेस. मी आजारी पडले तर तू म्हणतेस, बाबांना सांग डॉक्टरकडे न्यायला.

म्हणून एका भर दुपारी पैलवान सावलीत घोरत असताना मी मशीनवर चढले. तीन पायऱ्या. गुडघ्याने तिसऱ्या पायरीला माझा बाप काढला. सीटमागचं झाकण तू दाखवलंस तसं उघडलं, बाजूची खिट्टी दाबली आणि ती टोपी काढून कमरेला खोचली. झाकण जसंच्या तसं लावलं. पैलवान घोरतच होता. मी येऊन गिरणी सुरू केली आणि मनात म्हटलं, आता येईल माझी पोर, चार दिवस तरी राहील, एवढं मोठं मशीन, एवढीशी टोपी, शोधत बसेल. काय काय रांधायचं तेही ठरवलं.

मशीन दोन दिवस रुसत-हसत चाललं. पैलवान ठेकेदाराला म्हणाला, साहेब, हे बरं नाही, थांबवूया. ठेकेदार म्हणाला, रेट. तिसऱ्या दिवशी पैलवानाने सिमेंटचा पाइप उचलून चरावर धरला होता, आणि खाली चरात दोन माणसं होती. मशीनचा श्वास बसला. पाइप अधांतरी डोलत राहिला. मी गिरणीच्या दारातून पाहिलं. पैलवान सीटवरून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, निघा, निघा रे, आणि त्याचा दुसरा हात दांड्यावर तसाच होता, जणू हातानेच पाइप पेलतोय. माणसं वर आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी मात्र मोटार बंद करायची विसरले आणि रिकामे दगड एकमेकांवर घासत राहिले. इतक्या वर्षांत हे मी कधी होऊ दिलं नव्हतं.

तू दुसऱ्या दिवशी आलीस. मी चार दिवस धरून बसले होते, तू मीटर लावलास, एकशे वीस म्हणालीस आणि अर्ध्या तासात दोष काढलास. इतक्या संकटातही माझी छाती फुगली बघ, काय सांगू. नवीन टोपी बसवलीस. कागद लिहिलास. आणि जेवायला न थांबता, माझ्याकडे न बघता, चारच्या गाडीने गेलीस. मला वाटलं, मॅडमने बोलावलं असेल. मला दुसरं काय वाटणार?

तुझ्या कागदात काय होतं ते ठेकेदाराने मोठ्याने वाचून दाखवलं. टोपीच्या जागी ओलाव्यामुळे गंजाचा पांढरा थर, आणि टोपी चालकाने काढल्याचं दिसतं. पैलवानाला त्याच दिवशी कामावरून थांबवलं. त्याची पेशी, म्हणजे चौकशी, सोमवारी आहे. त्यात दोषी ठरला तर त्याचा परवानाही जाईल, मग कुठल्याच मशीनवर त्याला कुणी बसवणार नाही. तो जाताना माझी चाळण खुंटीला अडकवून गेला. पाचव्या दिवशी त्याची बायको दळण घेऊन आली. तिने एवढंच म्हटलं, आजी, ते अजून झोपेत हात हलवतात, पाइप धरल्यासारखा. मी तिचं दळण तीनदा चाळलं. गरज नव्हती.

परवा दुपारी दारात एक बुटकी बाई उभी राहिली. जाड भिंगांचा चष्मा, नखांत काळं तेल, चालताना माझ्यासारखीच डुगडुगणारी. म्हणाली, मी हिची मॅडम. मी तुला सांगते, मासिकातल्या फोटोत ती विटेवर उभी असणार! मी या-बसा म्हटलं, तोंडात साखर आणि पोटात मिरची. ती आधी मशीनवर चढली, नवी टोपी काढली, आतली जागा बॅटरीने बघितली आणि झाकणाच्या कडेचं पांढरं बोटावर घेऊन खाली आली. म्हणाली, तांब्याचा गंज हिरवा असतो, हे पांढरं आहे, आणि झाकण उघडायला बारीक बोटं लागतात, पैलवानाचा पंजा तर आत शिरतच नाही. मग तिने माझ्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत पांढरे होते. तिने चहा मागितला.

पहिला कप तिने फुंकून फुंकून संपवला. दुसऱ्या कपाला मी तिला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, गिरणीत काय पडतंय? ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, तांदूळ. मका होता! मला इतका आनंद झाला की मी तिला तिसरा कप दिला. तेव्हा ती म्हणाली, ते मासिकातलं वाक्य वाचून मलाच लाज वाटली. मी ऐकायला शिकवत नाही, मला येतच नाही ते, मी मोजायला शिकवते. पहिल्या दिवशी मी मीटर दिला तर हिने मशीनला कान लावला आणि बरोबर जागा सांगितली. वीस वर्षं मी मीटर घेऊन फिरतेय, मला तो कान नाही, तेव्हापासून माझ्या मनात तुमच्याबद्दल हेवा आहे, म्हणाली. घ्या! म्हणजे इतके दिवस इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जळत होतं आणि मधे तू मजेत भाज्या खात होतीस. वाक्य तू का तसं बोललीस ते तुझं तुला माहीत. मी त्यावर रुसलेली आहे आणि आणखी काही महिने रुसणार आहे.

तिसऱ्या कपानंतर मी तिला अगं म्हणायला लागले आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला येतानाच शंका होती, कारण माझी पोर हिरवं-पांढरं चुकणार नाही. माझी पोर! मी तिथल्या तिथे सांगितलं, बाई, पोर माझी, कारागीर तुझी. तिने मान्य केलं. तर आता तुला कळलंच, हे सगळं कोण लिहून घेतंय. मॅडमला मी नागोबा म्हटलं तेही तिनेच लिहिलं, हुंकारसुद्धा न देता. पेन थांबलं ते पहिल्यांदाच तेवढं.

आणि आता पत्र कशासाठी ते. त्या दिवशी तू सीटमागे वाकलीस तेव्हा मी गिरणीच्या खिडकीत होते. तू ते पांढरं बोटावर घेतलंस. बोट जिभेवर ठेवलंस. मग तू थांबलीस, मान वळवून गिरणीकडे बघितलंस, आणि मग लिहायला बसलीस. तुझी जीभ मी तयार केली आहे, भिंगरे. गहू होता. तुला तेव्हाच कळलं, आणि तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस. खरं सांगते, आधी मला सुख झालं. वाटलं, मॅडमसाठी लिहिलं असतंस का असं? नाही! माझ्यासाठी लिहिलंस. ते सुख मी चार दिवस चघळलं, एकटीने, कुणाला न देता. पाचव्या दिवशी पैलवानाची बायको आली आणि तोंडाची चव गेली ती गेलीच. मॅडम म्हणते, नवा कागद ती स्वतः दोन ओळींत लिहू शकते, पण जिने चुकीचा लिहिला तिनेच खरा लिहावा, म्हणून ती सोमवारपर्यंत थांबली आहे. तुला त्याबद्दल बोलणी बसतील, कदाचित त्याहून जास्त. ती मी टाळू शकत नाही. पण चालकाने काढली हे खोड आणि गिरणीवाल्या म्हातारीने काढली असं लिही. मी पेशीला येणार आहे, पैलवानाच्या बाजूला बसणार आहे, गुडघा काय वाटेल ते म्हणो. पाकिटात चाचपून बघ, ती टोपी आहे. कमरेला खोचून खोचून गुळगुळीत झाली आहे, पण पीठ मी पुसलेलं नाही. आता मान वर कर, मॅडम समोर बसली असेल, तिला पेन माग.

मॅडमची कितीही झालीस तरी आधी माझी, आणि म्हणून तुझीच,
आजी

(सहीच्या जागी अंगठा आहे. शाई मॅडमची, अंगठा माझा.)